परक्याच्या तोंडची भाषा
युरोपीय रंगभूमीवरील परदेशी माणसाचा एक मागोवा

इजिप्तमधल्या ऑक्सिऱ्हिंकस या गावाच्या जुन्या उकिरड्यांत ग्रेनफेल आणि हंट या दोन इंग्रज संशोधकांना पपायरसचे ढीगच्या ढीग सापडले. त्यांतल्या एका तुकड्यावर एक ग्रीक प्रहसन आहे. १९०३ साली ते छापले गेले. लिखाण इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातले. नायिकेचे नाव खारितिओन. ही ग्रीक मुलगी परमुलखात एका देवळात अडकून पडली आहे. तिचा भाऊ तिला सोडवायला जहाज घेऊन येतो. ती मंडळी तिथल्या राजाला आणि त्याच्या माणसांना भरपूर दारू पाजतात, ती झिंगली की त्यांना बांधून ठेवतात आणि पळ काढतात. सोबतचा विदूषक शत्रूला दूर ठेवण्यासाठी अपानवायूचा शस्त्रासारखा वापर करतो. एकूण मामला असा आहे.

आपल्या दृष्टीने महत्त्वाचे हे की तो परमुलूख म्हणजे हिंदुस्थानचा किनारा. राजा आणि त्याचे लोक ग्रीक लिपीत लिहिलेली, पण ग्रीक नसलेली भाषा बोलतात. राजाला थोडेफार ग्रीकही येते. बाकीच्यांचे बोलणे पाहुण्यांपैकी कुणाला कळत नाही. ते एकमेकांना विचारतात, हे म्हणतायत तरी काय? १९०४ साली दक्षिण भारतातील शिलालेखांचे गाढे अभ्यासक हुल्ट्झ यांनी हे बोल कानडी असावेत असे सुचवले. पुढे म्हैसूरच्या शामशास्त्रींनी त्यात कानडी वाक्ये लावून दाखवली. कुणी ती तुळू म्हटली. बऱ्याच पाश्चात्त्य पंडितांच्या मते ती निव्वळ बडबड आहे, परकी वाटावी म्हणून रचलेली. हा वाद अजून मिटलेला नाही. त्या काळी इजिप्तमधून निघालेली जहाजे आपल्या पश्चिम किनाऱ्याला लागत. ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात कल्याण आणि चौल या बंदरांचीही नावे येतात. तेव्हा एखाद्या खलाशाच्या कानावर पडलेले खरे शब्द त्या नाटकात शिरले असतील, हे अशक्य नाही.

पण शब्द खरे असोत की खोटे, प्रेक्षकांना ते कळू नयेत हीच नाटककाराची अपेक्षा होती. कळले असते तर हसू आले नसते.

मी पेशाने प्राध्यापक नाही, नाटकवालाही नाही. ग्रीक, लॅटिन वा फ्रेंच मला येत नाही. ही सगळी नाटके मी नोकरीतून उरलेल्या वेळात, इंग्रजी भाषांतरांतून वाचली. दुभाष्याचा हात धरल्याशिवाय ज्याचे पाऊल पडत नाही अशा माणसाचे लक्ष नाटकातल्या दुभाष्यांकडे जाणे स्वाभाविक आहे. वाचता वाचता मी एक प्रश्न प्रत्येक नाटकाला विचारू लागलो. या नाटकात परका माणूस कोणत्या भाषेत बोलतो, आणि ती त्याला कोणी दिली?

बार्बारोस आणि म्लेच्छ

ग्रीक लोक ग्रीक न बोलणाऱ्याला ‘बार्बारोस’ म्हणत. ‘बर-बर’ करणारा, ज्याचे बोलणे म्हणजे नुसता आवाज, असा तो शब्द. आपल्याकडचा ‘म्लेच्छ’ही त्याच जातीचा आहे. त्याच्या मुळाशी असलेल्या धातूचा अर्थच अस्पष्ट, अशुद्ध बोलणे असा आहे. शतपथ ब्राह्मणात असुर शत्रूला हाक मारताना ‘र’च्या जागी ‘ल’ म्हणतात आणि युद्ध हरतात. पतंजलीही व्याकरण का शिकावे हे सांगताना तीच कथा देतो. संस्कृत नाटकात कोणी संस्कृत बोलावे, कोणी कोणती प्राकृत बोलावी याचे नियम होते. ‘मृच्छकटिका’तल्या शकाराच्या बोलण्यात ‘स’चा सर्वत्र ‘श’ होतो, आणि तेवढ्यावरच प्रेक्षकांनी त्याची किंमत ठरवावी अशी योजना आहे. म्हणजे उच्चारावरून माणूस जोखण्याची खोड एकट्या युरोपची नाही. युरोपच्या बाबतीत वेगळे एवढेच की, तिथल्या नाटकांची परंपरा जवळपास अडीच हजार वर्षे लेखी स्वरूपात आपल्यापुढे आहे आणि तिच्यात या खोडीचे सगळे प्रकार पाहायला मिळतात.

शत्रूचा शोक

आज उपलब्ध असलेल्या ग्रीक शोकांतिकांतली सर्वांत जुनी ‘पर्शियन्स’ ही एस्किलसची. इसवी सनपूर्व ४७२ साली ती अथेन्समध्ये झाली. त्याआधी अवघी आठ वर्षे, ४८० मध्ये, इराणचा सम्राट झर्क्सीस याने अथेन्स जाळले होते आणि त्यानंतर सलामिसच्या आरमारी लढाईत त्याचा पराभव झाला होता. प्रेक्षक ज्या टेकडीच्या उतारावर बसले होते, तिच्या माथ्यावर इराण्यांनी जाळलेल्या देवळांचे अवशेष तसेच उभे होते. नाटककार स्वतः मॅरेथॉनला इराण्यांविरुद्ध लढलेला. नाटकाचा खर्च उचलला होता तरुण पेरिक्लीसने.

अशा वेळी कसले नाटक अपेक्षित असेल? विजयाचे. एस्किलसने सगळे नाटक शत्रूच्या राजधानीत, सुसामध्ये घडवले. रंगमंचावर एकही ग्रीक पात्र नाही. ग्रीक सेनापतींपैकी कुणाचे नावसुद्धा उच्चारले जात नाही. नावे येतात ती मेलेल्या इराणी सरदारांची, एकामागून एक. झर्क्सीसची आई मुलाच्या वाटेकडे डोळे लावून बसली आहे. निरोप्या येऊन आरमार बुडाल्याचे सांगतो. मेलेल्या दारियसचे भूत कबरीतून उठून मुलाच्या उद्दामपणाला दोष देते. शेवटी झर्क्सीस फाटक्या कपड्यांत येतो आणि म्हाताऱ्या दरबाऱ्यांसह छाती पिटून रडतो. या स्पर्धेत एस्किलसला पहिले पारितोषिक मिळाले.

या नाटकाचे काय करायचे यावर अभ्यासकांचे दोन तट आहेत. एडवर्ड सैद यांनी १९७८ च्या ‘ओरिएंटॅलिझम’मध्ये, पूर्वेच्या वतीने बोलण्याचा अधिकार युरोपने स्वतःकडे घेतल्याचे हे आरंभीचे उदाहरण मानले. एडिथ हॉल यांनी १९८९ मध्ये ग्रीक शोकांतिकेने ‘बर्बर’ माणूस कसा घडवला यावर एक ग्रंथच लिहिला. ऐषाराम, रडारड, राजापुढे लोटांगण हे पौर्वात्यांचे साचे तिथे तयार झाले, असे त्या दाखवतात. दुसऱ्या बाजूचे म्हणतात, जळालेल्या गावात बसून शत्रूच्या आईचे दुःख ऐकणे ही काही लहान गोष्ट नाही.

मला दोन्ही खरे वाटते. नाटकातले इराणी अस्सल ग्रीक पद्यात बोलतात, आणि तरीही स्वतःला ‘बर्बर’ म्हणवतात. कुठला माणूस स्वतःला बर्बर म्हणेल? हा शब्द त्यांच्या तोंडी अथेन्सने घातला. पण त्याच अथेन्सने त्यांना शोक करण्याची भाषाही दिली, आणि ज्याचा शोक आपल्याला कळतो त्याला निव्वळ राक्षस समजणे अवघड जाते. पुढच्या बहुतेक नाटककारांना एवढेही जमलेले नाही.

खोटा दुभाष्या

दुसरे उदाहरण रोमचे. हॅनिबलने इटलीत घुसून रोमचे कंबरडे मोडत आणले होते. ते युद्ध इसवी सनपूर्व २०१ मध्ये संपले. त्यानंतर फार काळ लोटला नसताना प्लॉटसने ‘पोएनुलुस’ हे विनोदी नाटक लिहिले. नावाचा अर्थ ‘छोटा कार्थेजवाला’. त्यात हॅनो नावाचा म्हातारा कार्थेजियन पळवून नेलेल्या आपल्या मुलींना शोधत गावोगाव फिरतो. तो प्रवेश करतो तोच प्युनिक भाषेत देवांची प्रार्थना करत. या ओळी, नकलाकारांनी मोडतोड केलेल्या असल्या तरी, खऱ्या प्युनिकच्या आहेत. पुढे कार्थेज जमीनदोस्त झाले आणि प्युनिक साहित्यही जवळजवळ नष्ट झाले. त्यामुळे त्या भाषेच्या अभ्यासकांना आज या रोमन प्रहसनाचा आधार घ्यावा लागतो.

खरी गंमत पुढे आहे. मिल्फिओ नावाचा एक गुलाम आपल्याला प्युनिक येते अशी फुशारकी मारतो आणि दुभाष्या बनतो. हॅनोचा प्रत्येक शब्द कुठल्यातरी लॅटिन शब्दासारखा ऐकू येतो, त्यावरून तो वाटेल तो अर्थ ठोकून देतो. प्रेक्षक हसत असणार ते आधी हॅनोच्या विचित्र बोलण्याला आणि वेशाला. पण हॅनोला सगळे कळत असते. पुरेसे ऐकून झाल्यावर तो लॅटिनमध्ये त्याला सुनावतो. हसू फिरते आणि मिल्फिओवर येते. नाटकाच्या शेवटी म्हाताऱ्याला मुली सापडतात. कालपरवाच्या शत्रूला प्लॉटसने काळजीने फिरणारा बाप केले, आणि मूर्ख ठरवले ते परक्याच्या भाषेचे आपल्याला सोयीचे भाषांतर करणाऱ्याला. मला हा प्रसंग फार मोलाचा वाटतो.

तुर्क नसलेले तुर्की नाटक

सोळाव्या-सतराव्या शतकात युरोपचा व्यापार वाढला आणि रंगमंचावर परक्यांची गर्दी झाली. मोलिएरच्या ‘बूर्झ्वा जाँतियॉम’चीच गोष्ट घ्या. १६६९ मध्ये ऑटोमन दरबाराचा दूत सुलेमान आगा फ्रान्समध्ये आला. चौदाव्या लुईने त्याच्यासमोर वैभवाचे मोठे प्रदर्शन मांडले, पण पाहुणा म्हणावा तसा दिपला नाही. त्यानंतर राजाने तुर्की पेहराव आणि रीतिरिवाज असलेला खेळ मागितला. पूर्वेकडे राहून आलेल्या शव्हालिए दार्व्हिए याला माहितीसाठी बोलावले गेले, संगीत ल्युलीने दिले आणि ऑक्टोबर १६७० मध्ये शाँबोरच्या राजवाड्यात प्रयोग झाला.

या नाटकातल्या प्रसिद्ध ‘तुर्की समारंभा’त एकही खरा तुर्क नाही. सरदार होण्याच्या हव्यासाने पछाडलेल्या एका व्यापाऱ्याला फसवण्यासाठी सगळे फ्रेंच लोक तुर्क बनतात, त्याच्या डोक्यावर भलेमोठे पागोटे चढवतात, त्याला ‘मामामूशी’ हा अर्थहीन किताब देतात. ते जी भाषा बोलतात तिच्यात भूमध्य समुद्राच्या बंदरांवर खरोखर वापरात असलेल्या मिश्र व्यापारी बोलीचे तुकडे आहेत. खलाशी आणि दलालांची कामाची भाषा राजदरबारी बडबडगीत झाली. टीकेचे लक्ष्य फ्रेंच नवश्रीमंत होता, हे खरे. तरी हसण्यासाठी वापरलेले कपडे आणि देवधर्म मात्र दुसऱ्याचे होते.

लंडनमधला औरंगजेब

मराठी वाचकाला सर्वांत चकित करणारे नाटक जॉन ड्रायडनचे ‘औरंगझेब’. त्याचा पहिला प्रयोग लंडनमध्ये नोव्हेंबर १६७५ मध्ये झाला. औरंगजेब तेव्हा हयात होता, गादीवर होता. इकडे रायगडावरच्या राज्याभिषेकाला दीड वर्ष होत आले होते आणि त्या सोहळ्याला इंग्रज कंपनीचा वकील हेन्री ऑक्झिंडेन स्वतः हजर राहून गेला होता. म्हणजे इकडच्या घडामोडींची बातमी इंग्रजांना नव्हती असे नाही.

ड्रायडनचा आधार होता फ्रेंच वैद्य बर्नियेचे प्रवासवर्णन. नाटक आग्र्यात, १६६० साली घडते. प्रत्यक्षात औरंगजेबाने १६५८ मध्ये बापाला कैदेत टाकले, १६५९ मध्ये दाराला आणि १६६१ मध्ये मुरादला मारवले. ड्रायडनचा औरंगजेब मात्र आज्ञाधारक पुत्र आहे. सगळे भाऊ बंड करत असताना हा एकटा म्हाताऱ्या बादशहाच्या बाजूने लढतो. बादशहाच त्याच्या प्रेयसीवर, काश्मीरच्या राणीवर, मोहित होतो. बादशहाची बेगम म्हणून नूरमहल येते. खरी नूरमहल म्हणजे नूरजहान जहांगीराची बेगम होती आणि १६४५ मध्येच वारली होती. ही नाटकातली नूरमहल सावत्र मुलावर भाळते, आणि हा भाग सरळ ग्रीक-रोमन फीड्राच्या कथेवरून घेतलेला आहे. कळस म्हणजे मुरादची बायको नाटकाच्या शेवटी पांढरी वस्त्रे नेसून, मिरवणुकीने नवऱ्याच्या चितेवर सती जायला निघते. मुसलमान शहजादी सती जाते! मुसलमानांत प्रेत जाळत नाहीत, ही बाब लंडनच्या नाटकाला आड आली नाही.

इथे परका फाडफाड इंग्रजी बोलतो, तेही यमक जुळवून. त्याला हिणवलेले नाही, उलट नायक केले आहे. पण त्याचे आतले सगळे काढून घेतले आहे. लंडनला तेव्हा स्वतःची चिंता होती. राजा दुसऱ्या चार्ल्सला औरस संतती नाही, वारस असलेला भाऊ कॅथलिक झालेला, गादी कोणाची हा प्रश्न सगळ्यांच्या मनात. तो प्रश्न उघड बोलण्यापेक्षा आग्र्यात नेऊन बोलणे सोयीचे. परक्याचा अपमान न करताही त्याला गायब करता येते, हे मला या नाटकाने शिकवले.

सतीचा मोह युरोपच्या रंगभूमीला पुढेही सुटला नाही. फ्रेंच नाटककार लमिएर याचे ‘मलबारची विधवा’ १७७० मध्ये आले, तेव्हा फारसे चालले नाही. १७८० मध्ये पुन्हा आले ते चितेच्या देखाव्यासह, आणि गाजले. विधवेला वाचवतो एक फ्रेंच सेनापती. तिला चितेवर ढकलणारा मुख्य ब्राह्मण म्हणजे खरे तर फ्रान्समधल्या धर्मगुरूंवर झाडलेला आसूड, असे त्याचे वाचन तेव्हापासून होत आले आहे. याच नाटकावरून स्पोर या जर्मन संगीतकाराने ‘येसोंडा’ हा ऑपेरा रचला. तो १८२३ मध्ये कासेल येथे झाला. त्यात प्रसंग गोव्याचा आहे आणि वाचवणारा पोर्तुगीज. गोऱ्या नायकाचे हिंदी स्त्रीवर प्रेम आहे म्हणून नाझी राजवटीत या ऑपेरावर बंदी आली. सतीची चाल क्रूरच होती. तिच्याविरुद्ध राममोहन रॉय यांना झगडावे लागले, आणि १८२९ मध्ये बेंटिंकने बंगालमध्ये कायदा केला. पण या नाटकांत राममोहनांसारखा कुणी नाही. हिंदी माणूस एकतर जाळतो किंवा जळतो. वाचवणारा जहाजातून येतो.

भूमिका कोणी करायची?

शेक्सपिअरबद्दल मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून थोडक्यात. इंग्लंडमधून ज्यूंना १२९० मध्ये हाकलले होते आणि १६५६ पर्यंत त्यांना उघडपणे परत येता आले नाही. त्यामुळे शायलॉक पाहणाऱ्या बहुतेक प्रेक्षकांनी उघडपणे ज्यू म्हणून जगणारा माणूस पाहिलेलाच नव्हता. त्या पात्राला शेक्सपिअरने जी वाणी दिली, तिच्यामुळे पुढे एडमंड कीनला आणि हेन्री अर्व्हिंगला त्यातला दुखावलेला माणूस उभा करता आला. त्याच पात्राचा वापर १९४३ मध्ये व्हिएन्नाच्या बुर्गथिएटरमध्ये ज्यूद्वेषाच्या प्रचारासाठी झाला. संहिता तीच होती.

‘सर टॉमस मोर’ या हस्तलिखित नाटकाचा एक भाग शेक्सपिअरच्या हातचा मानला जातो. त्यात १५१७ च्या लंडनमधील दंगलीत परदेशी कारागिरांवर चाल करून गेलेल्या जमावाला मोर विचारतो की उद्या तुम्हालाच देशोधडीला लागावे लागले तर कुठे जाल? हा दंगलीचा सारा भाग गाळावा, असा शेरा सरकारी परीक्षकाने हस्तलिखितावर मारला.

परक्याची भूमिका परक्याने करायची म्हटली की आयरा ऑल्ड्रिज आठवतो. न्यूयॉर्कला १८०७ मध्ये जन्मलेला हा कृष्णवर्णीय नट. १८३३ च्या मार्चमध्ये ऑथेल्लो करता करता एडमंड कीन रंगमंचावर कोसळला आणि एप्रिलमध्ये कव्हेंट गार्डनला ती भूमिका ऑल्ड्रिजकडे आली. त्याच वर्षी इंग्लंडच्या संसदेत गुलामगिरी रद्द करण्याचा कायदा झाला. लंडनच्या काही वृत्तपत्रांनी मात्र त्याच्यावर झोड उठवली, दोन प्रयोगांनंतर त्याला तिथून जावे लागले. पुढे त्याने युरोपभर दौरे केले. तिथे तो इंग्रजीत बोले आणि सोबतचे नट जर्मन किंवा आपापल्या भाषेत उत्तर देत. व्हेनिसमध्ये राहून व्हेनिसचा न झालेला ऑथेल्लो यापेक्षा चांगला कसा दाखवता आला असता? १८६७ मध्ये पोलंडमधल्या लोद्झ गावी, दौऱ्यावर असतानाच, तो वारला.

नेमक्या त्याच वर्षी महादेवशास्त्री कोल्हटकरांचा मराठी ‘ऑथेल्लो’ प्रसिद्ध झाला. १८९० मध्ये देवलांनी त्याचा ‘झुंझारराव’ केला. मूळ नाटकाच्या शीर्षकातच ‘व्हेनिसचा मूर’ आहे. देवलांच्या शीर्षकात फक्त नाव उरले, आणि तेही मराठमोळे. रूपांतर करताना हे अटळ होते आणि देवलांचे नाटक त्यामुळे आपलेसे झाले. पण परकेपणाचे काय होते, हे तिथेही पाहण्यासारखे आहे.

विसाव्या शतकात पीटर ब्रूकने १९८५ मध्ये फ्रान्समधल्या आव्हिन्यों महोत्सवात, दगडाच्या खाणीत, नऊ तासांचे ‘महाभारत’ केले. द्रोण जपानी, भीष्म आणि भीम आफ्रिकी, धृतराष्ट्र पोलिश, द्रौपदी मल्लिका साराभाई. प्रत्येकजण आपल्या उच्चारांत फ्रेंच बोलत होता. अनेकांना ही परकेपणावरची मात वाटली. रुस्तम भरुचा यांनी मात्र, या कथेला तिच्या मातीतून, धर्मकल्पनांतून उपटून ती सगळ्यांची असल्याचे सांगणे म्हणजे उचलेगिरी आहे, असा कठोर आक्षेप घेतला. दोन्ही बाजू मला महत्त्वाच्या वाटतात. उच्चारांना हसू न आणणारे रंगमंच थोडेच आहेत, आणि ब्रूकचा त्यांतला एक होता. पण कथा कोणाची हा प्रश्न उच्चारांच्या मोकळेपणाने सुटत नाही.

पुन्हा आश्रयार्थी

एस्किलसचेच आणखी एक नाटक आहे, ‘आश्रयार्थिनी’. नाईलच्या काठावरून पळून आलेल्या, नको असलेल्या लग्नांना नकार देणाऱ्या सावळ्या मुली ग्रीसमधल्या आर्गोसला आसरा मागतात. राजा एकट्याने निर्णय घेत नाही, लोकांचे मत घेतो, आणि लोक हात वर करून आसरा देतात. शेवटी मुलींचा बाप त्यांना बजावतो की आता जपून वागा, परक्याबद्दल वाईट बोलायला प्रत्येकाची जीभ तयार असते.

२०१२ च्या अखेरीस व्हिएन्नाच्या फोटिव्ह चर्चमध्ये निर्वासितांनी आश्रय घेतला. त्यांत पाकिस्तान आणि अफगाणिस्तानातून आलेले पुष्कळ होते. नोबेल विजेत्या एल्फ्रीडे येलिनेक यांनी एस्किलसचा आधार घेऊन त्यांच्यावर नाटक लिहिले. काही प्रयोगांत निर्वासित स्वतः रंगमंचावर आले. एप्रिल २०१६ मध्ये व्हिएन्ना विद्यापीठाच्या सभागृहात असा एक प्रयोग चालू असताना अतिउजव्या गटाचे लोक रंगमंचावर घुसले आणि त्यांनी नकली रक्त उडवले. परका नटाच्या रूपात येतो तेव्हा तो सहन होतो. तो स्वतःच्या पायांनी येऊन उभा राहिला की काय होते, ते त्या दिवशी दिसले.

या सगळ्यातून माझ्या हाती आलेली कसोटी साधी आहे. नाटकात परक्याला बोलायला भाषा आहे का? ती बडबड आहे, उसनी आहे की त्याची स्वतःची? त्याचे बोलणे आपल्याला कोण समजावून सांगतो, आणि तो मिल्फिओ तर नाही? ही कसोटी फक्त युरोपला लावून थांबायचे कारण नाही. आपल्या फार्सांतला मोडके मराठी बोलणारा भैया, मद्रासी अण्णा, गुजराती शेठजी आठवून पाहा. त्यांच्या तोंडी दिलेली वाक्ये आपणच लिहिली, आणि हसलोही आपणच. त्यांच्यापैकी एखादा हॅनोसारखा सगळे ऐकून घेऊन अस्खलित मराठीत आपल्याला सुनावतो, असा प्रवेश मराठीत कोणी लिहिला असेल तर तो मला वाचायचा आहे.